चाकांवरच्या घराची झडती

आम्ही निघालो त्या सकाळी आईनं ट्रकाला ओवाळलं नाही. तिनं आधी ट्रकाभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकाला चपलेच्या टोकानं ठोसलं, वाकून खाली बघितलं, आणि मग मला हाताला धरून गोठ्यामागं नेलं.

"खरं सांग सुमे. कुनी हाकललंय का तुमाला?"

"कुणी नाही हाकललं."

"मग भास्कररावांनी काय केलंय?"

"काही नाही केलं, आई."

"बगते मी," असं म्हणून ती पदर खोचून ट्रकात चढली. पिठाचा डबा उघडून पाहिला. गादी उचलून पाहिली. शिलाई मशीनचा खण ओढून पाहिला. काय शोधत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. माझा नवरा भास्कर खाली उभा राहून नुसता टायरमधली हवा पुन्हा पुन्हा तपासत होता.

दसरा नुकताच झाला होता. खर्ड्याच्या बाजूला, आमच्या वाडीत, दसऱ्यानंतर ट्रक येणं काही नवलाचं नाही. कारखान्याकडं निघालेल्या ऊसतोड्यांच्या गाड्या त्याच दिवसांत भरतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हाताऱ्या, पोरं, सगळं एकावर एक. आमचा ट्रकही त्याच रांगेत उभा होता. त्यात पलंग होता, गॅसची शेगडी होती, टपावर सोलर होतं, आणि आम्ही दोघंच होतो. पण हा फरक आईला पटण्यासारखा नव्हता. तिनं आणि आबांनी, माझ्या वडिलांनी, पंचवीसएक हंगाम ऊस तोडला. ट्रकात बसून जाणारी जी माणसं तिनं पाहिली, ती सगळी नाइलाजानं जाणारी. हौसेनं ट्रकात राहायला जाणारं माणूस म्हणजे एक तर खुळं, नाही तर काहीतरी लपवणारं. लेक खुळी नाही हे तिला ठाऊक होतं.

ट्रकातून उतरल्यावर तिनं भाकरीचं फडकं पुढच्या सीटवर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "चाकावरच्या मानसाला कुनीबी इचारतं, कुठला रं तू. जमिनीवरच्याला न्हाई इचारत."

मी लहानपणी तिच्याबरोबर कारखान्यावर जात असे. उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, दाराच्या जागी पोत्याचं फडकं, पहाटे थंडीत आईबाप तोडीला गेले की धाकट्या भावाला, संतोषला, सांभाळायचं माझ्याकडं. शाळेचं वय झालं तसं आईनं मला जामखेडच्या वसतिगृहात टाकलं. तेव्हा ती म्हणाली होती, "तू ट्रकात बसायची न्हाईस." मी दहावी झाले, लग्न होऊन नगरला आले. भास्कर ट्रकांच्या बॉडी बांधायचा. त्याच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात मी सीट कव्हर शिवायला शिकले, मग हूड, म्हणजे जीपचं कापडी छप्पर, मग ताडपत्री. रेक्झिन कापताना हात कसा सरळ ठेवायचा ते आता मला डोळे मिटूनही जमतं.

नगरमध्ये आम्ही भाड्याच्या खोल्यांतच राहिलो. दर वेळी नवा मालक, नव्या चौकशा. कोण येतं, कोण जातं, मूल का नाही. शेवटच्या खोलीत आढ्याला पाळण्याचा हूक होता, आमच्या आधीच्या भाडेकरूनं बसवलेला. दवाखाने झाले, नवस झाले, मग आम्ही दोघांनीही तो विषय काढायचं थांबवलं. हूक तसाच राहिला.

वर्कशॉपच्या मालकाचं वय झालं, त्यानं शटर ओढलं. आवारात कांदा वाहणारा एक जुना सहाचाकी ट्रक पडून होता. भास्करनं तो घेतला आणि एका पावसाळ्यात त्यावर खोली बांधली. मला म्हणाला, "जीपवाल्याला सीट शिवायला नगरला यायचं म्हणजे एक दिवस बुडतो. आपणच त्याच्या गावाला जाऊ."

"आणि राहायचं कुठं?"

"ह्यातच."

"खोली ठेवू की. अधूनमधून येता येईल."

"खोली नको," तो म्हणाला, आणि उठून गेला.

मला तेव्हा संशय आला. हा कशापासून पळतोय? कर्ज? भांडण? दुसरं काही? आईनं पिठाचा डबा तपासला, मी त्याचा मोबाईल तपासला. काही सापडलं नाही. पुष्कळ दिवसांनी, एकदा गाडी चालवता चालवता तो आपणहून म्हणाला, "रोज उताणा झोपलो की तो हूक दिसायचा." एवढंच. 

पहिलं वर्ष राहात्याच्या बाजूला गेलं. शिर्डीला येणाऱ्या गाड्या पुष्कळ, त्यामुळं काम भरपूर. पण ट्रकात राहणं म्हणजे काय ते तिथं कळलं. संध्याकाळी दिवा लावला की पत्र्यावर थाप पडायची. "काय चाललंय आत?" कधी पोलीस, कधी शेजारचा दुकानदार, कधी नुसताच जाणारा-येणारा. गाडीचं पासिंग दाखवा, आधार दाखवा, नवरा-बायकोच आहात ना. पेरूच्या बाजारामागं एका हॉटेलवाल्यानं आम्हाला जागा दिली, नळाचं पाणी दिलं, आणि काहीच मागितलं नाही. माझी झोप उडाली. ह्याला काय हवं असेल? फुकट कोण देतं? शेवटी एक दिवस त्यानं आपल्या स्कूटरचं फाटलेलं सीट आणून ठेवलं, "ताई, एवढं शिवून द्या." मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दुहेरी शिलाई मारून दिली.

तुम्ही जे गावाकडं राहिलात, तुम्हाला ही गंमत वाटेल. जे माझ्यासारखे निघालात, मग पुण्याला असा नाही तर दुबईला, तुम्हाला कळेल. परक्या ठिकाणी माणूस आधी शिव्या पचवायला शिकतो. चांगुलपणा पचायला जास्त वेळ लागतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही अकोले तालुक्याच्या डोंगरात गेलो. भंडारदऱ्याच्या अलीकडं, राजूरवरून आत, भातशेतीची गावं. तिथं सगळी भिस्त जीपांवर, आणि एकाही जीपचं हूड धड नव्हतं. धरणाच्या कडेला पुण्याचे लोक शनिवारी आपापल्या गाड्या घेऊन येत, आमच्यासारख्याच, आत पलंग, वर सोलर. त्याला ते कॅम्पर म्हणायचे. एका पोरीनं आमचा ट्रक बघून "वॉव, तुमचा पण कॅम्पर!" म्हणत फोटो काढला. मात्र त्यांना कुणी आधार मागताना मी पाहिलं नाही.

ज्या गावात आम्ही थांबलो, तिथं हिराबाई नावाच्या बाईनं आपल्या खळ्याच्या कडेला गाडी लावू दिली. पन्नाशीची, सडपातळ, बोलायला मोकळी. मी तिला मावशी म्हणायचे. तिची नात पूनम, पहिली-दुसरीतली, शाळा सुटली की आमच्या ट्रकापाशी. रेक्झिनचे तुकडे उरायचे, त्यातून मी पोरांना लहान लहान पाकिटं शिवून द्यायचे. पूनमला लाल मिळालं होतं, बटणाचं. ती ते दोरीनं गळ्यात अडकवून हिंडायची.

हिराबाई तांदळाच्या भाकरी आणून द्यायची आणि बसल्या बसल्या विचारायची, "तुमाला मूल न्हाई व्हय ताई?" मी नाही म्हणायचे. ती माझ्याकडं जरा जास्त वेळ बघायची. मग पूनमकडं. मला ती नजर ओळखीची होती. नगरच्या घरमालकिणींची तीच होती.

एके दिवशी सकाळी लक्ष्मण नावाच्या जीपवाल्याचं हूड मी पुरं केलं. जुनं हूड घडी करून त्यानं जीपमध्येच मागं टाकलं आणि तो राजूरहून बाजाराची माणसं आणायला रिकामाच निघून गेला. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. जेवायच्या वेळी हिराबाईची हाक ऐकू आली, "पूनम! एऽ पूनम!" आधी खळ्यावरून, मग विहिरीकडून. मग तिच्या आवाजात काहीतरी बदललं. मी बाहेर आले, मीही हाका मारायला लागले. भास्कर ओढ्याकडं धावला. भात कापणारी माणसं शेतातून वर आली, हातात विळे तसेच.

कुणीतरी म्हणालं, "शेवटची कुनी बगितली?"

हिराबाई माझ्यापासून चार हातांवर उभी होती. तिनं माझ्याकडं न बघता ट्रकाकडं हात केला. "त्या गाडीत बगा," ती म्हणाली. "ती रोज हिच्यापाशीच असती."

त्यानंतर जे झालं ते मला सलग आठवत नाही. ट्रकाचं दार आधीच उघडं होतं, तरी कुणीतरी ते ओढून वाकवलं. गादी बाहेर आली, भांडी आली, पीठ मातीत सांडलं. माझी शिलाई मशीन दोघांनी उचलून खाली टाकली, तिचं चाक निखळून गवतात गेलं. पलंगाखालची फळी उचकटली. आत लाल रेक्झिनचा तागा होता. तो बघून एक बाई किंचाळली, तिला काय वाटलं देव जाणे. तिघाचौघांनी भास्करला ओढ्याकडून आणलं, शर्टाला धरून. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. तो एकच वाक्य म्हणत होता, "आधी पोरगी शोधा हो, आधी पोरगी शोधा." एकानं विळ्याचं टोक मागच्या दोन टायरांत खुपसलं. हवा जाताना जो आवाज आला, तेवढा मात्र अजून कानात आहे.

पोलीसपाटील म्हातारा होता, पण त्याचा शब्द चालायचा. त्यानं आम्हाला देवळाच्या ओट्यावर बसवलं आणि स्वतः पुढं उभा राहिला. "पोलीस येऊस्तोवर हात लावायचा न्हाई कुनी." पोलिसांना कळवायचं तर रेंज नव्हती. एक पोरगा मोबाईल घेऊन टेकडीवर पळाला. पळण्याआधी त्यानं आमच्यावर मोबाईल धरला होता, हे मी पाहिलं होतं. मी पदरानं तोंड झाकलं. झाकलं तेव्हाच वाटलं, झाकायला नको होतं.

उन्हं कलली. आम्ही ओट्यावर, समोर सगळं गाव. मी भास्करचा हात धरला तर एक माणूस ओरडला, "हात खाली!" मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. हा टायर फोडणारा. ही काल माझ्याकडून पिशवी शिवून घेऊन गेलेली. आणि मग मलाच भलते विचार यायला लागले. ह्यांच्यातल्याच कुणीतरी पोरीचं काही केलं असेल तर? आमच्यावर ढकलायला किती सोपं. सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्याकडं मी टक लावून बघत राहिले.

तेवढ्यात चढावर जीपचा आवाज आला. लक्ष्मण बाजाराची माणसं घेऊन परत येत होता. माझं नवं हूड उन्हात चमकत होतं. जीप थांबली आणि पुढच्या सीटवरून पूनम खाली उतरली. गळ्यात लाल पाकीट, हातात जिलेबीचा पुडा.

सकाळी ती खेळता खेळता जीपच्या मागं चढली होती आणि जुन्या हुडाच्या घडीवर झोपून गेली होती. राजूरला पोचल्यावर लक्ष्मणला सापडली. गावात रेंज नाही, निरोप कसा धाडणार, म्हणून त्यानं तिला भजी खाऊ घातली, बाजाराची माणसं भरली आणि आणली. "झालं काय एवढं?" तो विचारत होता. 

माणसं एक एक करून पांगली. "गैरसमज झाला," कुणीतरी भास्करच्या खांद्यावर थोपटून म्हणालं. पाटलानं उद्या टायरांची सोय करतो म्हणून सांगितलं. पोलीस आलेच नाहीत. दिवस मावळताना हिराबाई ताट घेऊन आली. भाकरी, भात, वरण. मी पीठ भरत होते, मातीसकट. ती तशीच उभी राहिली.

"माझी एकुलती नात हाय ताई," ती म्हणाली. "तुझी असती, तर तूबी आधी माझ्याच घरात बगितलं असतं."

मला तिला काहीतरी तोडून बोलायचं होतं, पण ओट्यावर बसून माझ्या मनात आलेलं मला आठवत होतं. मी ताट घेतलं. आम्ही जेवलो. पण तिच्याशी त्यानंतर माझं बोलणं झालं नाही, आणि ताट मी भास्करच्या हातून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर जाऊन मी मोबाईल चालू केला तर संतोषचे कितीतरी कॉल येऊन पडलेले. फोन लावला तसा तो जवळजवळ रडायलाच लागला. "अक्का, कुठं हाय तुमी? तो व्हिडिओ इथवर आलाय. राजूरकडची पोरं पळवनारी टोळी म्हनून. आमच्या वाडीतल्या समद्यांच्या मोबाईलवर हाय." मी सांगितलं, पोरगी सापडली, आम्ही बरे आहोत. तो म्हणाला, "आन् आई पहाटंच निघून गेलीय. मी दूध घालायला गेल्तो, तेवढ्यात. यष्टीनं. तुझ्याकडंच आली असंल."

जामखेड, नगर, संगमनेर, अकोले, राजूर. सत्तरीला टेकलेली, वाचता न येणारी बाई. प्रत्येक स्टँडवर विचारत विचारत, आणि कोण जाणे काय सांगत. एक रात्र तिनं संगमनेरच्या स्टँडवर काढली. तिसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्मणच्याच जीपमधून ती उतरली, हातात कापडी पिशवी. मी पुढं झाले. मला वाटलं, आता म्हणेल, सांगितलं हुतं ना. चल घरी.

तिनं आधी भास्करचा सुजलेला ओठ पाहिला. मग मला धरून ट्रकामागं नेलं, जसं निघताना गोठ्यामागं नेलं होतं.

"खरं सांग सुमे. घेतली हुती का पोर?"

 गावानं विचारलं ते ठीक होतं. ह्या बाईनं मला जन्म दिला होता.

"तुला काय वाटतं?" मी म्हणाले.

"मला काय वाटायचं. इतकी वर्सं तू काय काय गिळलंस ते मला ठाव हाय. मानसाचं डोकं फिरतं कवा कवा."

"नव्हती घेतली. ती जीपमध्ये झोपली होती."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, मग मान हलवली.

"आणि घेतली असती तर?" मी विचारलं. "तर काय करणार होतीस?"

"तर काय," आई म्हणाली. "पोर जिथली तिथं दिली असती, आन् तुझ्यासंगं बसले असते. मारलं असतं तर दोघींना मारलं असतं." आणि पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून माझ्या हातात दिली.

ह्या गोष्टीला आता एक पावसाळा उलटून गेलाय. आम्ही अजून ट्रकातच आहोत. मशीनचं चाक बसलं, पण टाका मधूनच सुटतो. आई रोज संध्याकाळी फोन करते. कुठं लावलीय गाडी, शेजारी कोण हाय, पानी कुनी दिलं, का दिलं. ट्रक तिला अजून मान्य नाही. भास्कररावांनी काहीतरी केलं असावं हा संशयही गेलेला नाही. मीही नव्या गावात गेले की आता पोरांना पाकिटं देत नाही. तुकडे साठवून ठेवते. माणसं आम्हाला विचारतात तसं मीही त्यांच्याकडं बघत असते, आधी हात, मग डोळे. काही गोष्टी जात नाहीत.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं.

चटणी देऊन झाल्यावर आई ट्रकात चढली. मला वाटलं पुन्हा झडती घेणार. आत सगळं विस्कटलेलं होतं. तिनं मुकाट्यानं गोधड्या झटकून घड्या घातल्या, भांडी लावली. वाकलेलं दार भास्करनं त्याच दिवशी सकाळी ठोकून सरळ केलं होतं. त्या दाराशी ती थांबली. आतल्या बाजूची कडी तिनं बोटानं वर-खाली करून पाहिली.

"ही आतून लागती?"

"हो."

"पक्की?"

"पक्की आहे. बाहेरून उघडत नाही."

ती कडीवर हात ठेवून उभी राहिली. "कोपीला दारच नव्हतं," ती म्हणाली. "मुकादमाची मानसं कवाबी डोकवायची. तुमी निजायचा. मी कोयता उशाला घिऊन बसायची, उजाडूस्तोवर."

हे तिनं मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, आई आमच्याआधी उठते. ती झोपतच नव्हती, हे मला कळायला एवढी वर्षं लागली.

"जरा बाहिर थांबा दोगंबी," ती म्हणाली. आम्ही उतरलो. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला. भास्करनं माझ्याकडं बघितलं, "आईंना बरं वाटत नाहीये का?" मी त्याला गप्प राहायची खूण केली. थोड्या वेळानं आतून घोरणं ऐकू यायला लागलं. दिवसाउजेडी झोपलेली आई मी जन्मात पाहिली नव्हती. आताही पाहत नव्हते, नुसती ऐकत होते.

आम्ही फुटक्या टायराला टेकून मातीत बसलो. ऊन डोंगरामागं जाईपर्यंत बसलो. घर कुठं म्हणून कुणी विचारलं तर मी आजही खर्ड्याचं नाव सांगते, कागदावर तेच आहे. पण घर म्हटलं की मला ती दुपार आठवते. आत कडी लावून निजलेली आई आणि बाहेर राखणीला बसलेले आम्ही.

मला चहाची फार तलफ आली होती. शेगडी आत होती, साखर आत होती, दूध आत होतं. मी दार वाजवलं नाही.